गमत नाही

धान कापून झालं, चुरणं आटोपलं, की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांतून माणसं मिरची तोडायला निघतात. तेलंगणात, आंध्रात महिना-दोन महिने काम असतं. नवराबायको दोघंही जातात, शाळेतली पोरं आजी-आजोबांजवळ राहतात. आठवडाभराने एखादं पोर भरल्या ताटावरून उठतं आणि म्हणतं, ‘मले गमत नाही.’ आजी पुढे काही विचारत नाही. कुठे दुखतंय, कोण काय बोललं, असले प्रश्न तिला पडतच नाहीत. पोराने सगळं सांगून टाकलेलं असतं.

पुण्यामुंबईकडे याला ‘करमत नाही’ म्हणतात. विदर्भात ‘गमत नाही.’ संस्कृतातल्या ‘गम्’चा अर्थ जाणे. जुन्या मराठी कवितेत ‘मज गमते’ म्हणजे मला वाटते. वेळ जाणं, मन रमणं आणि नुसतं वाटणं, असे अर्थ या एका क्रियापदाने सांभाळले आहेत. बोलीत मात्र ते बहुतेक वेळा नकारातच भेटतं. गमत नाही म्हणणारा माणूस आजारी नसतो, रडत नसतो, कोणाशी भांडलेला नसतो. जेवण समोर असतं, अंथरूण घातलेलं असतं. तरीही जीव कशात लागत नाही आणि दिवस पुढे सरकत नाही.

बासेलच्या योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधासाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. परत येणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. मुलखापासून दूर गेलेली स्विस माणसं खंगत होती, त्यांच्या दुखण्याला त्याला नाव हवं होतं. पुढे हा शब्द रोगातून निसटून गोड स्मरणरंजनात जाऊन बसला. ‘गमत नाही’ची व्याप्ती याहून मोठी आहे. त्यासाठी घर सोडावं लागत नाही. गावची मंडई, म्हणजे जत्रा, संपून पाहुणे परतले, लेक सासरी गेली, बैल विकला, नोकरीतून निवृत्त झालो, की स्वतःच्याच ओसरीवर बसून माणसाला गमत नाही. कारण सांगता येतंच असं नाही आणि कोणी ते मागतही नाही.

अशा निसटत्या भावनांचे शब्द गोळा करायची आवड सध्या जगभर दिसते. पोर्तुगीजांचं ‘सौदादे’, जर्मनांचं ‘शाडनफ्रॉइड’ हे शब्द त्या भाषा न येणाऱ्यांच्याही तोंडी आहेत. जॉन केनिग या अमेरिकी लेखकाने तर नाव नसलेल्या दुःखांसाठी स्वतःच शब्द घडवले आणि २०२१ साली त्यांचा कोश पुस्तकरूपाने आणला. वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाचं आयुष्य आपल्याइतकंच गुंतागुंतीचं आहे, ही अचानक होणारी जाणीव म्हणजे त्याचं ‘साँडर’. हे वाचताना आनंद होतो, ‘अरे, हे मलाही होतं’ असं वाटतं. पण आपल्याकडे असे शब्द नाहीत, ही हळहळ मला पटत नाही. शब्द आहेत. ते छापलेल्या पुस्तकांपेक्षा ओसरीवर, धानाच्या बांधीवर आणि दवाखान्याच्या रांगेत जास्त आहेत, म्हणून दिसत नाहीत.

चंद्रपूर-गडचिरोलीचा नकाशा समोर ठेवला तर या शब्दांच्या मागची एक मोठी गोष्ट उलगडते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. सिरोंच्यात तेलुगू घराघरात आहे. भामरागड, एटापल्लीत माडिया, धानोऱ्यापासून अहेरीपर्यंत गोंडी, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्यात निर्वासित म्हणून येऊन स्थिरावलेल्या बंगाली कुटुंबांची बंगाली, आणि या सगळ्यांना जोडणारी झाडीबोली. मराठी, छत्तीसगढी, बंगाली या आर्य कुळातल्या. गोंडी, माडिया, तेलुगू द्रविड कुळातल्या. दोन भाषाकुळं एकाच आठवडी बाजारात शेकडो वर्षं सौदा करत आली आहेत.

बाजारात त्यांनी एकमेकांकडून शब्द तर घेतलेच, शिवाय भावना कशी सांगायची याची रीतही त्यांच्यात सारखी आहे. आपण ‘मला राग आला’ म्हणतो. राग हा कर्ता, तो येतो. मी नुसता ज्याच्याकडे तो येतो तो माणूस. सिरोंच्यातला तेलुगू भाषक ‘नाकु कोपम् वच्चिंदि’ म्हणतो. शब्दाला शब्द लावला तर अर्थ ‘मला राग आला’ असाच. भूक लागते, लाज वाटते, आठवण येते, कंटाळा येतो, कणव येते. या वाक्यांत आपण काहीही ‘करत’ नाही. भावना बाहेरून चालत येते, अंगाला लागते आणि निघून जाते. कॉलिन मॅसिका या भाषाशास्त्रज्ञाने १९७६ साली भारतीय उपखंडाला एक भाषिक प्रदेश ठरवणारं पुस्तक लिहिलं, त्यात ही वाक्यरचना महत्त्वाच्या खुणांपैकी एक आहे. कुळं वेगळी असूनही शेजाराने भाषा सारख्या होत जातात, हा विचार मरे एमेनो याने १९५६ सालीच मांडला होता.

त्याच एमेनोने १९६९ साली आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं. आर्य आणि द्रविड भाषांत आवाजांवरून घडलेल्या, जोडीने येणाऱ्या शब्दांची प्रचंड रेलचेल आहे आणि त्यांतले कित्येक एकमेकांसारखे आहेत. काळजात चर्र झालं, असं आपण म्हणतो. तेलुगूत हृदय ‘झल्लु’ म्हणतं, ‘गुंडे झल्लुमंदि.’ आपली छाती धडधडते, तिकडे गुंडे दडदडतं. आत जे होतं त्याला नाव सापडत नाही, तेव्हा या भाषा त्याचा आवाज काढून दाखवतात.

शब्दकोशात ‘अनुकरणवाचक’ असा शिक्का मारून या शब्दांना खालच्या रांगेत बसवलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण भावनांतले सर्वांत बारीक फरक मराठी याच शब्दांनी दाखवते. बस सुटली आणि दोनच मिनिटांचा उशीर झाला होता, तर लागते ती चुटपूट. नुकसान लहान, पण हाताशी आलेलं निसटलेलं. मरणाच्या आधी काकाला भेटायला जायचं राहून गेलं, तर लागते ती रुखरुख. ती काम करताना विसरते आणि हात रिकामे झाले की पुन्हा सुरू होते. शेजाऱ्याचं उभं धान अवकाळी पावसात आडवं झालं, की आपण हळहळतो. दुःख दुसऱ्याचं, भागी आपण. हुरहूर यांपैकी कशातच बसत नाही. तिला घडून गेलेलं काही लागत नाही, येणाऱ्या गोष्टीचीही हुरहूर लागते, आणि संध्याकाळी कशाचीच नसूनही लागते. तगमगीत शरीर असतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसाच्या वर चढतो आणि रात्री वीज जाते, तेव्हा जी होते ती तगमग. घालमेलीत मन दोन दारांमध्ये फेऱ्या मारतं. मुलीचं स्थळ चांगलं आहे पण गाव दूर आहे, तर आईची घालमेल होते. धाकधूक निकालाच्या आदल्या रात्रीची.

तळमळ तर दोन टोकांना लागू होते. तापाने फणफणलेलं मूल अंथरुणात तळमळतं आणि गावात शाळा यावी म्हणून वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या माणसाचीही तळमळ असते. एखाद्या गोष्टीची आस इतकी तीव्र व्हावी की ती अंगातल्या कळेसारखी पाठ टेकू देऊ नये, हे मराठीने एका शब्दात धरलं आहे.

दुसरा साठा ‘जीव’ या शब्दाभोवती आहे. जीव रमतो, लागतो, तुटतो, टांगणीला लागतो, वरखाली होतो, भांड्यात पडतो. ‘जिवावर येणं’ मला फार नेमकं वाटतं. करायचं आहे, करायला हवं हेही पटलं आहे, शरीरात ताकदही आहे, तरीही उठवत नाही. आळस म्हणावं तर दोष लागतो, थकवा म्हणावं तर खोटं होतं. पेरणी, निंदण, कापणी सगळं आपल्या हातांनी केलेल्या बाईने एके दिवशी ‘आज शेतात जायाच्या जिवावर येते’ म्हटलं, तर घरातल्यांनी काम थांबवून तिच्याकडे नीट पाहावं, असा तो शब्द आहे.

रानाने दिलेले शब्द वेगळे. ‘चकवा’ महाराष्ट्रात सगळीकडे ठाऊक आहे, पण जंगलातल्या माणसाला तो अनुभवाने ठाऊक असतो. रोजच्या वाटेवर, रोजच्याच झाडांत माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. झाड ओळखीचं असतं, नाला ओळखीचा असतो, तरी दिशा लागत नाही आणि ओळखीचं सगळं एकदम परकं होऊन बसतं. म्हातारी माणसं सांगतात, चकवा लागला की खाली बसावं, पाणी प्यावं, थोडा वेळ जाऊ द्यावा. शेजारच्या छत्तीसगढात भूलन कांद्याची कथा आहे. त्या वनस्पतीवर पाय पडला की माणूस वाट विसरतो आणि दुसऱ्या कोणी स्पर्श केल्याशिवाय भानावर येत नाही. संजीव बख्शी यांनी त्याच नावाची कादंबरी लिहिली, तिच्यावरचा ‘भूलन द मेझ’ हा चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोहोचला.

चकव्यामागे सांगितला जाणारा भुताखेताचा भाग सोडून दिला तरी अनुभव खरा उरतो. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना जर्मनीतल्या घनदाट रानात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाने सूर्य झाकला की वळू लागली, आपलीच वाट पुन्हा ओलांडू लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. बाहेरची खूण हरवली की चालण्यातल्या बारीक चुका साठत जातात आणि माणूस गोल फिरतो. पायांचं हे कोडं. पण चकवा लागलेल्या माणसाच्या पोटात जो गोळा येतो, आपल्याच मुलखाने आपल्याला ओळख दाखवू नये असं जे वाटतं, त्यालाही चकवाच म्हणतात. घरात, नात्यात, आयुष्याच्या मधल्याच एखाद्या वर्षीही तो लागतो.

रानातली भीतीही एक नाही. गावात भीतीला ‘भेव’ म्हणतात, तो तिचा साधा चेहरा. पायाखाली साप सळसळला की छातीत धस्स होतं आणि क्षणात संपतं. वाघ फिरतो आहे असं कळलं की धास्ती असते, ती सावध ठेवते. पण वाघाने आपल्या डोळ्यांसमोर सोबतीणीला उचललं, त्यानंतर महिनोन्महिने जी बाई पानाच्या सळसळीने दचकते, जेवत नाही, रानात पाऊल टाकत नाही, तिने ‘धसका घेतला’ असं म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यात ही वेळ वारंवार येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटेच्या अंधुक उजेडात जावं लागतं, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. वाकून काम करणारी, झुडपांत अर्धी झाकलेली बाई आणि वाघ यांची गाठ नेमकी तेव्हा पडते. घटना संपली तरी भीती अंगात मुक्काम करते, हे मानसोपचाराने गेल्या शतकात रीतसर लिहून काढलं. बोलीने त्यासाठी क्रियापदसुद्धा विचारपूर्वक निवडलं आहे. धसका ‘घेतला’ जातो, आत घेतला जातो.

धसका बोलून दाखवला तर उतरतो का? लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की, चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगताना मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी होते. २०१२ साली तिथेच कोळ्यांना भिणाऱ्या ८८ जणांना खऱ्या टॅरँटुला कोळ्याच्या जवळ नेलं. काहींना भीती मोकळेपणाने शब्दात मांडायला सांगितलं, काहींना लक्ष दुसरीकडे वळवायला, काहींना कोळी निरुपद्रवी आहे अशी स्वतःची समजूत घालायला. आठवड्याने पुन्हा भेट घडवली, तेव्हा भीतीला नाव देणाऱ्यांच्या शरीराची घाबरगुंडी इतरांपेक्षा कमी होती. भीतीसाठी जास्त शब्द वापरणाऱ्यांना जास्त फायदा झाला. शब्दसंपत्ती औषधासारखी उपयोगी पडू शकते, एवढं तरी यातून धरून चालायला हरकत नाही.

मारुती चितमपल्लींनी जंगलात असेच शब्द वेचले. वनखात्यातल्या नोकरीची कितीतरी वर्षं विदर्भाच्या रानांत काढलेल्या या माणसाने आदिवासींकडून, ढिवरांकडून नावं ऐकली, लिहून घेतली, नसतील तिथे घडवली. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ ही त्यांची देणगी. ‘शब्दांचं धन’ असं पुस्तकच त्यांनी लिहिलं. १८ जून २०२५ रोजी ते गेले. झाडापाखरांसाठी त्यांनी जे केलं, ते माणसांच्या मनासाठी कोणीतरी करायला हवं आहे.

काही भावनांना बोलीतही नाव सापडत नाही, हे मान्य करावं लागतं. ग्लेन अल्ब्रेख्ट हे ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ. न्यू साउथ वेल्समध्ये हंटर नदीच्या वरच्या खोऱ्यात उघड्या कोळसाखाणी पसरत होत्या आणि तिथले रहिवासी त्यांच्याकडे आपलं दुःख सांगत होते. ती माणसं घर सोडून कुठे गेली नव्हती, घरच त्यांच्या भोवतीने नाहीसं होत होतं. या दुःखाला अल्ब्रेख्ट यांनी २००३ साली ‘सोलास्टॅल्जिया’ हे नाव दिलं. चंद्रपूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकात कोळसा निघू लागला. आज बल्लारपूर, दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस भागात खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत आणि शहराच्या कडेला २९२० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. एटापल्लीतल्या सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, त्याच पहाडातून आता लोहखनिज निघतं. ताडोबाच्या गाभ्यातली बोटेझरी, जामणी ही गावं वाघांसाठी बाहेर नेऊन वसवली गेली.

अशा जागी उभं राहून माणूस ‘भकास वाटते’ म्हणतो. शब्द सुंदर आहे. भकास आधी जागा असते, मग ‘वाटणं’ जोडलं की तेच विशेषण माणसाच्या आत शिरतं. उदास, ओसाड, सुनंसुनं हेही तसेच, जागेला आणि मनाला एकच. पण भकास हा शब्द कोणाकडे बोट दाखवत नाही. कोणामुळे, कशासाठी, हे त्यात नाही. अल्ब्रेख्ट यांच्या शब्दाने एका खाजगी उदासीला कारणासकट सार्वजनिक केलं, पर्यावरणाच्या चर्चेत तिला जागा मिळवून दिली. पर्यावरणाच्या जनसुनावणीत धूळ मोजली जाते, पाणी मोजलं जातं, भकासपणाला रकाना नसतो. इथे मराठीला नवा शब्द हवा आहे. तो झाडीपट्टीतल्याच, म्हणजे या रानमुलखातल्याच, कोणाच्या तरी तोंडून यावा.

झाडीपट्टीची रंगभूमी हे अशा शब्दांचं मोठं कोठार आहे. धान घरात आलं, भाऊबीजेपासून मंडया सुरू झाल्या, शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, दिवस आले, की वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, नाट्यमंडळ्या गावोगाव निघतात. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. मंडपात हजारो माणसं एकत्र हसतात आणि एकत्र रडतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना याच रंगभूमीवरच्या कामासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. शहरी समीक्षेने या नाटकांना भडक म्हणून बाजूला ठेवलं. मला त्यात घाई दिसते. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भावांच्या जोडीला येऊन-जाऊन असणारे ३३ व्यभिचारी भाव सांगितले आहेत: ग्लानी, शंका, असूया, दैन्य, औत्सुक्य, व्रीडा. भावनांची इतकी जुनी यादी आपल्याकडे नाटकाच्या निमित्ताने झाली, कारण आतलं बाहेर दाखवण्याचं काम नटाला करावं लागतं. झाडीपट्टीचा नट तेच करतो. वर्षभर ज्या सासूला आपला उमाळा घरात दाखवता येत नाही, ती मंडपात दुसऱ्याच्या लेकीसाठी पदर डोळ्यांना लावते आणि शेजारणीला तो उमाळा दिसतो.

झाडीबोलीचा शब्दकोश डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला. दंडारीसारख्या लोककलांपासून सुरुवात करून त्यांनी झाडीबोलीला स्वतःची भाषा म्हणून उभं केलं, तिची साहित्य संमेलनं भरवली. ‘ण’चा ‘न’ करणाऱ्या या बोलीला शाळेत अशुद्ध ठरवलं जायचं. ज्या मुलाला आपल्या जिभेचीच लाज वाटायला लावली, ते आपल्या मनातलं मास्तरांना कशाला सांगेल? गोंडी आणि माडिया मुलांची अडचण तर याच्या कितीतरी पट. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून अधिक लोक देशात होते, पण त्यांची बहुसंख्य मुलं दुसऱ्याच भाषेत शिकतात. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली, ती या ओढीतून.

भाषेचं हे प्रकरण दवाखान्यात सर्वांत गंभीर होतं. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना उपचारांच्या आधी माडिया शिकावी लागली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ साली काम मांडलं. गावच्या बायकांशी त्यांच्याच शब्दांत बोलून त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा जननेंद्रियांचा काही ना काही आजार होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. दुखणं होतं, सांगायला शब्दही होते. विचारणारं कोणी नव्हतं. आदिवासींना मोठ्या इस्पितळाचं भेव वाटतं हे कळल्यावर बंग यांच्या ‘शोधग्राम’ या संकुलातला दवाखाना गावातल्या घरांच्या धाटणीवर बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. राणी बंग यांनी इथल्या बायकांच्या झाडांशी असलेल्या नात्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘गोईण’. गोईण म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. झाडाला मैत्रीण म्हणणाऱ्या बाईचं झाड तोडलं गेलं तर तिला काय होईल, याचा अंदाज त्या नावातूनच येतो.

मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी १९८१ साली कर्नाटकाच्या दक्षिण कन्नड भागातल्या स्त्रियांवर लिहिताना दाखवलं होतं की, प्रत्येक समाजाकडे आतला त्रास सांगण्याच्या स्वतःच्या रीती असतात. डोकं जड होणं, अंग गळून जाणं, भूक न लागणं यांतून बाई मनाचंच सांगत असते. झिम्बाब्वेत शोना भाषेत उदासीला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करत राहणं. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तोच शब्द हाताशी धरला, वस्तीतल्या आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकावर बसवलं. त्रासलेलं माणूस येतं, आजीजवळ बसतं, बोलतं. २०१६ साली या उपक्रमाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा बाकावर बसून बोललेल्यांची लक्षणं नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक कमी झालेली दिसली. विदर्भातही असं काम झालं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच माणसांना तयार केलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आशाताईंना एक विनंती. बाई ‘गमत नाही’ म्हणाली, ‘जिवावर येते’ म्हणाली, ‘धसका घेतला’ म्हणाली, तर तो शब्द केसपेपरवर जसाच्या तसा लिहा. त्याखाली किती दिवसांपासून, तेवढं विचारून टिपा. नैराश्याच्या तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची यादी मागच्या दोन आठवड्यांचंच विचारते. दोन आठवडे उलटून गेले असतील तर पुढचे प्रश्न विचारायची वेळ झाली आहे. शिक्षकांनी मुलांकडून आजीचे असे शब्द वहीत उतरवून घ्यावेत, उच्चार न सुधारता.

आणि वाचणाऱ्या तुम्हाला स्वतःलाच बरेच दिवस गमत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही सेवा चालू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. कोणता आजार आहे ते माहीत असण्याची गरज नाही. ‘गमत नाही’ एवढं सांगितलं तरी चालतं.